उणे अठरा

मासा गोठवायचे तीन नियम मला नोकरीने शिकवले:
ताजा असतानाच. अख्खा. आणि चिठ्ठी लावून,
कुठला, कधीचा, कोणाच्या होडीतला.
ओमानात सूर नावाच्या गावी, शीतगृहाच्या दाराबाहेर बसून
बारा वर्षं सुरमईचे हिशेब लिहितो आहे.
गाव सूर, पण मला गाता येत नाही.
रात्री खोलीवर ब्राउझर उघडतो, तेवढंच.

शोधतो काय? एक नाव.
आजोबांचे वडील, लखू तांडेल,
विजयदुर्गाहून कौलं आणि नारळ भरून या खाडीत यायचे
असं घरी सांगतात.
घरी बरंच काही सांगतात.

शेजारच्या खाटेवरच्या अन्वर सोलकरने
एका बैठकीत चौदा एक्स्टेंशनं बसवून दिली.
लॅपटॉप धापा टाकू लागला,
भरल्या पोटी जिना चढणाऱ्या माणसासारखा.
मग मी निवडायला बसलो, बांगडे निवडतात तसा,
कल्ले उघडून.

एक म्हणालं, प्रत्येक साइटवरचं
तुमचं सगळं मला वाचू द्या.
पासपोर्ट एकदा दिला होता कंपनीच्या कपाटात, सहा वर्षं.
ते आधी काढलं.

एक हव्या त्या ओळी गुलाबी करायचं. छान होतं.
आठवड्यात सगळंच गुलाबी झालं,
म्हणजे हवं काय ते कळेना. तेही गेलं.

एक दुवा जपायचं, पान नाही.
पत्ता वहीत आणि घर पाडलेलं,
असे एकोणीस दुवे आहेत माझ्याकडे.

भाषांतर करणारं मात्र ठेवलं, चुकतं म्हणून.
त्यानेच ती यादी वाचून दाखवली:
इथले एक निवृत्त शिक्षक, मुस्तहिल अल-अरैमी,
बंदरात आलेल्या परक्या गलबतांची नोंद
म्हाताऱ्यांच्या वह्यांतून उतरवून ठेवत होते.
सन हिजरी तेराशे पंचेचाळीस.
तांडेल: लखू कॉफी राघो.

कॉफी?
अन्वर हसून हसून खाटेवरून पडायचा राहिला.
अरे, तो ‘बिन’ आहे, बिन! अमक्याचा मुलगा!
टिंबं-मात्रा नसल्या की तीच अक्षरं कॉफीची.
लखू, राघोचा मुलगा.
माल: कौलं. शेरा: एक खलाशी तापाने आजारी, इथेच ठेवला.

आईला फोन केला. लखूच्या बापाचं नाव काय गं?
ती म्हणाली, राघो? असेल.
नाहीतर दुसरा कोण असणार?
असल्या पुराव्यावर मी सुरमईचं एक खोकंही सोडत नाही.

पुढच्या गुरुवारी त्याच पानावर वरती नवी ओळ:
वडील वारले. महिनाअखेर ही जागा बंद होईल.
माफ करा. मुलगा.

तेव्हा कामाला आलं ते चौदातलं सर्वांत साधं,
अख्खं पान एका फाइलीत उतरवणारं,
चित्रांसकट, तळटिपांसकट, काट्यासकट.
दोन रात्री, दोनशे बारा पानं.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं,
अन्वर झोपेत कुणाला तरी मल्याळीत शिव्या देत होता.

आता इंटरनेट बंद करूनही ती उघडतात.
कोपऱ्यात अजून तोच गुरुवार आहे,
त्रेचाळीस अंश,
आणि बाजूला गालिच्यांची जाहिरात, फक्त तीन दिवस सूट.
जाहिराती पुसणारं एक होतं माझ्याकडे.
चालू नाही केलं. मासा साफ करतात तो खाणारे,
ठेवणाऱ्याने तो अख्खा ठेवावा.

तो खलाशी कोण होता, हे कुठल्याच पानावर नाही.
बरा झाला का, परत गेला का,
की इथेच कुणाचा तरी ‘बिन’ झाला.
ते आता नवं शोधणं.

फाइलीला नाव देताना हात आपोआप चिठ्ठीकडे गेला.
कुठलं: सूर.
कधीचं: तारीख टाकली, दोन्ही पंचांगांची.
कोणाच्या होडीतलं:
इथे मी लखू लिहिणार होतो.
लिहिलं, मुस्तहिल मास्तरांच्या.