वऱ्हाड लिहून पाहिलं

नवतप्याचा चौथा दिवस.
गोळीबार चौकातलं कुत्रं एटीएमच्या दाराला टेकून,
फटीतून येते तेवढी थंडी त्याची.
पत्रिकांचा सीझन संपला,
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून झाल्या,
आणि माझं जुनं विंडोज रोज सकाळी म्हणतं,
नवं मशीन घ्या.
नवं मशीन घेईन तर मग पत्रिका कशाला छापीन.

वरच्या माळ्यावरची आम्रपाली, पॉलिटेक्निकची,
पेनड्राइव्ह घेऊन उतरली. एकात सात.
"काका, टाकू नका लगेच. राहून पाहा.
काढला की मशीन होतं तसंच."
मी आयुष्यात चार दुकानं भाड्यानं घेतली,
एकाही मालकानं असं म्हटलं नाही.

डिस्ट्रो म्हणजे काय बे, विचारलं.
वितरण, म्हणाली.
मला रेशनची रांग दिसली:
सगळ्यांना गहू तोच, पिशवी ज्याची त्याची.
"तसंच," म्हणाली. "तुम्ही पिशवी पाहून राहिले."

पहिल्यात काहीच नव्हतं.
वर एक काळी पट्टी, खाली कोरा पडदा,
पेपर वाटून मास्तर निघून गेल्यासारखा.

दुसऱ्यात खिडकी ओढली की थरथरायची,
ताटातल्या जेलीसारखी.
मी अर्धा तास नुसत्या खिडक्या हलवल्या.
कूलरचं पाणी संपलेलं
घाम डोळ्यात गेल्यावर कळलं.

मग मिंट, त्यात सिनॅमन.
पुदिन्यात दालचिनी!
आमच्याकडे तर्रीतसुद्धा कोणी असं करत नाही.
पण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.

चौथ्याचं चिन्ह उंदीर.
चार जीबीचं माझं म्हातारं मशीन,
त्याचा पंखा गप्प झाला
आणि मला रस्त्यावरचा उसाच्या रसाचा घुंगरू ऐकू आला.

मी म्हटलं, चांगलं चांगलं एकातच टाकून दे.
टाकलं तिनं.
मेनूत दोन कॅल्क्युलेटर, दोन घड्याळं,
फाइली उघडायला दोघं जण, दोघंही पुढे धावणारे.
एका घरात दोन चुली.
काढ म्हटलं.

बाबाचा खड्डामाग होता, टांडापेठेत.
त्यानं जन्मात एकदाच माग बदलला.
त्यानंतर सहा महिने
त्याचा उजवा पाय खड्ड्यात
जुनी पावडी शोधत होता.
विणकर चुकत नव्हता. पाय चुकत होता.
माझा हात तसाच,
डाव्या कोपऱ्यात खाली जातो,
तिथे काही नसलं तरी.

शेवटी मी माझी परीक्षा घेतली त्यांची.
प्रत्येकात नवी फाइल, नाव एकच: वऱ्हाड.
एकात र वेगळा पडला, ह वेगळा,
मधे पाय मोडल्यासारखी एक तिरपी रेघ.
एकात नुसती चौकोनी डबी.
उंदराच्या घरी
र नं डोळ्याचं पातं मिटावं तसं मिटलं
आणि ह च्या कुशीत गेला.
बत्तीस वर्षं मी हेच जुळवत आलो,
ज्या पत्रिकेत वऱ्हाड तुटतं
ती पत्रिका परत येते.

"काका, फॉन्ट तर कुठेही बदलता येतो,"
आम्रपाली म्हणाली, जरा रागानंच. दुपार गेली होती तिची.
माहीत आहे पोरी.
पण इथे कोणीतरी
मी यायच्या आधी हे पाहून ठेवलं.
कोण, ते मला माहीत नाही,
त्याला नागपूर माहीत नसेल.

टाक, म्हटलं. कायमचं.

त्यानं भाषा विचारली, नाव विचारलं,
मग जगाचा नकाशा समोर केला:
कुठे राहता?
मी बाण नेला आणि ठेवला
बरोबर मधोमध,
झिरो माइलच्या दगडावर.
त्यानं लिहिलं, कोलकाता.

आम्रपालीनं माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, राहू दे, वेळ तर तीच आहे.
पुढे दाब.