वाफा

रबाळ्यात, मागच्या गेटाला लागून,
पत्र्याच्या शेडखाली माझा वाफा आहे.
बावीस फूट लांब, कमरेइतका खोल.
सोडणं, लाकडाचा भुगा, शेणखत.
यात काही उगवत नाही.

रंगाच्या टाक्यांवर ज्या वाफा धरतात
त्या ब्लोअर खालून ढकलतो या वाफ्यात,
आणि वर जे निघतं
त्याला ओल्या रानाचा वास असतो, म्हणे.
म्हणे, कारण मला वास येत नाही.
सव्वीस वर्षं थिनरच्या खात्यात गेली,
नाक उरलंय चष्मा टेकवायला.

म्हणून रोज सकाळी कॅन्टीनमधल्या लोचनला हाक मारतो :
ये गो, हुंग जरा.
ती पदर खोचून वाकते.
"आज बरा हाय." किंवा,
"आज नेलपॉलिश मारतंय बघा."
मग मी पाणी वाढवतो, कोपरा उकरतो.
कुरेशी मॅडम मीटरच्या आकड्यावर सही करतात.
मी लोचनवर भरवसा ठेवतो.

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या,
यात जंतू आहेत, कोट्यवधी, विष खाऊन जगणारे.
मनात आलं, खाडीतली निवटी
रॉकेलसारखी लागायला लागली
तेव्हा कुठे जेवत होते हे?
बोललो नाही. नवी नोकरी होती,
तीही वयामुळे हलकी म्हणून दिलेली.

दिवाळीत कंपनी आठ दिवस बंद.
टाक्या रिकाम्या, ब्लोअर गप्प.
तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन :
पदाजी, थोडं थोडं देत राहा,
उपाशी मरतील.

घरी बायको करंज्या मोजून डब्यात भरत होती.
पोरगा म्हणाला, सुट्टीतही कंपनी?
म्हटलं, गुरं बांधलीयत तिथं.

वाटीभर थिनर,
त्यामागे छोटा पंखा,
तोंड वाफ्याच्या पाइपाकडे.
वरून झारीनं पाणी.
सणासुदीला कुणाला असं वाढलं नव्हतं कधी.

तासाभरानं हात खुपसला आत.
कोमट. कालच्यापेक्षा बरा,
वैरणीच्या गंजीत असतो तसा.

लोचन गावाला, मुरबाडला.
विचारायला कुणी नाही.
मीच वाकलो, डोळे मिटून
पोटभर श्वास घेतला.

काही नाही.

आता हे काही नाही त्यांचं की माझं,
कसं कळणार?
झारी उपडी घातली.
रजिस्टरमध्ये वेळ लिहिली,
वासाच्या रकान्यात
लोचनची जागा कोरी ठेवली.