झोपेच्या वेळी

रात्री साडेअकराला शटर अर्धं ओढून
ओसवालशेठ गल्ला मोजतात,
मी सलाइनच्या रिकाम्या खोक्यावर बसून
एकोणीसशे चाळीसचा कायदा पाठ करतो.
शेठ मधेच विचारतात, पाचशेच्या किती झाल्या रे?
मी म्हणतो, अनुसूची एच.
मग दोघांनाही पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

अकरा वर्षं झाली रास्ता पेठेतल्या या काउंटरवर.
ज्या अक्षरातलं ‘दूध आण’सुद्धा
डॉक्टरांच्या घरी कुणाला लागणार नाही
त्यातून मी मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल
वेगळं काढतो, एका नजरेत.
पेपरात मात्र अक्षर छापील.
चार पर्याय, चौघांनाही सारखीच इस्त्री,
आणि मी गडबडतो.

गोळी पिशवीत पडली, सुटे पैसे दिले,
की माझी तिची ओळख संपायची.
आता तिच्या मागोमाग
जठरात, यकृतात, मूत्रपिंडाच्या दारापर्यंत जातो,
तिचं अर्धायुष्य किती तासांचं ते मोजत.
माझं एकेचाळीस.

दोन वर्षं वाघोलीच्या बसला लोंबकळून डिप्लोमा केला.
वर्गातली पोरं काका म्हणायची
आणि प्रॅक्टिकलला माझ्याच टेबलाभोवती जमायची.
तेवढ्यानं भागत नाही.
ही वेगळी परीक्षा, मग नोंदणी,
तोवर मी नुसता मेडिकलवाला.

रविवारी पेरूगेटजवळच्या अभ्यासिकेत जातो.
शेजारच्या खुर्चीत परभणीचा एक मुलगा,
त्याला तहसीलदार व्हायचंय.
तुम्हाला काय व्हायचंय, त्यानं विचारलं.
म्हटलं, आहे तेच.
त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

दुकानात, फ्रिजच्या वर, काचेच्या चौकटीत
श्रीमती वैजयंती केळुसकर, नोंदणीकृत फार्मासिस्ट.
अकरा वर्षांत त्या कधी आल्या नाहीत.
नाव त्यांचं, हात माझे, दुकान शेठचं.
सकाळी शेठ अगरबत्ती फिरवतात तेव्हा
लक्ष्मीनंतर एक फेरा चुकून
त्यांच्यापुढेही होतो.

गेल्या गुरुवारी दुपारी एक बाई आल्या.
हातात नवऱ्याची चिठ्ठी, चष्मा घरी राहिलेला.
ही जेवणाआधी की नंतर हो?
मी सांगितलं. बिलावर नाव विचारलं.
केळुसकर म्हणाल्या,
आणि आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिलं.

चौकटीत बावीस वर्षांची मुलगी, दोन वेण्या,
कॅमेऱ्याला घाबरलेली.
अजून लावलंय होय हे, त्या म्हणाल्या.
मग आवाज खाली आणून,
महिन्याला पैसे येतात, पण आठवत काही नाही.
मला राग यायला हवा होता.
गेली कित्येक वर्षं तो मी तयार करून ठेवला होता,
बाटलीत भरून, लेबल लावून.
मुदत संपलेली निघाली.

त्यांनी माझं पुस्तक स्वतःकडे वळवून घेतलं,
डोळे बारीक करून, हात लांब धरून एक ओळ वाचली.
एच. एस.
होरा सोम्नी, त्याच म्हणाल्या, झोपेच्या वेळी.
अगंबाई, हे राहिलंय की!
आणि गोळ्या काउंटरवरच विसरून चालू पडल्या.
मी मागे धावलो, अपोलो टॉकीजपर्यंत.

परीक्षेला सतरा दिवस.
आत्ता बाहेरून कुणीतरी शटर वाजवतंय,
खाकी शर्ट, रिक्षा चालूच ठेवलेली,
पोराला ताप आहे, पातळ औषध द्या.
वजन किती पोराचं?
तो दोन्ही हात पसरून दाखवतो, एवढा आहे.
पुस्तकात किलोला मिलिग्रॅम दिलेत,
हातभर पोराला किती ते नाही.
मी म्हणतो, घरी फोन लावा, विचारा.
तो फोन लावतो, ती उचलत नाही, तो पुन्हा लावतो,
आणि मागे शेठ, तिसऱ्यांदा,
पहिल्या नोटेपासून.