डावीकडची पट्टी

निंगापूर गल्लीतल्या रवळनाथ डीटीपीत
कॉम्प्युटर एक, खुर्ची एक.
नऊ ते दोन मी,
दोन ते आठ बिडीहून बसने येणारा संगमेश.
आमची भेट दारात, चपला घालता-काढता.
"लाईट आहे?"
"आहे की."
बाकी सगळं बोलणं स्क्रीनवर.

त्याला टास्कबार डावीकडे उभा लागायचा,
मला खाली, उंबरठ्यासारखा आडवा.
रोज सकाळी पहिलं काम तेच,
पट्टीवरची मोकळी जागा चिमटीत धरायची, ओढायची,
कोपरा ओलांडला की ती एक गचका खाते
आणि खाली येऊन ऐसपैस पसरते.
एकदा तर मी तिला लॉक घातलं.
दुसऱ्या दिवशी बघते, तर डावीकडेच उभी,
लॉक जसंच्या तसं.

वॉलपेपर त्याचा होता, दारातली बैलजोडी.
माझ्या फायली मी कुठंही टाकायची,
मतदार याद्या, गॅसची पावती, कुणाचा तरी बायोडेटा,
डाव्या बैलाच्या थेट डोळ्यावर.
तो काही बोलला नाही.
फक्त रोज त्या फायली
उचलून गोठ्याच्या भिंतीवर लावलेल्या असायच्या, ओळीनं.
मग मीच सोडलं डोळ्यावर टाकायचं.

घड्याळाशेजारी भाषेची दोन अक्षरं.
तो उठून गेल्यावर ती त्याचीच राहायची,
त्यामुळं माझा दिवसातला पहिला शब्द
कायम कन्नडमध्ये उमटायचा.
'श्री' लिहायला जावं
आणि भलतंच काही वळणदार येऊन बसावं.
खोडण्याआधी मी ते वाचायची,
एकेक अक्षर, दुकानाच्या पाट्या वाचतो तसं.

त्याचं फोल्डर 'मदुवे', माझं 'लग्न'.
दोन्हींत माणसं तीच,
हलशीची एक नवरी दोन लिपींत, दोन्हीकडं हळद लावलेली.
एकदा त्याच्या पत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा,
माझ्या पत्रिकेत बारा पंचवीस.
डेस्कटॉपच्या मधोमध मी पिवळी चिठ्ठी चिकटवली:
तुझं चुकलंय.
संध्याकाळी त्यानं नवरीच्या बापाला फोन लावला.
चूक माझी निघाली.
चिठ्ठी पुसलेली होती,
माझ्या फायलीतला आकडा दुरुस्त केलेला होता,
आणि पुंडलिकमामाला यातलं काही माहीत नव्हतं.

दसऱ्याच्या आधी मशीन बसलं.
बेळगावला नेलं, खडे बाजारात,
चार दिवसांनी परत आलं ते नवं विंडोज घेऊन.
बैल गेले. दोन्ही फोल्डरं
पेनड्राइव्हवर एकात एक कोंबलेली.
आणि टास्कबार खाली,
मला हवा तसाच, न ओढता, आपोआप.

मी बसले, आणि माउस गेला डावीकडे.
तिथं काही नव्हतं. निळा रंग.
पुन्हा गेला.
पट्टी धरून ओढून बघितली. हलेना.
राइट क्लिक केलं. लॉकसुद्धा नाही त्यात.
ज्याला सरकताच येत नाही
त्याला लॉक कशाला?
"मामा, हे डावीकडं जाईना झालंय बगा."
"चालूलाय न्हवं? मग राहू दे की."

गिऱ्हाईक थांबवून मी सेटिंगं उघडत गेले,
रंग, पारदर्शकता, आपोआप लपणं,
या नव्यात सगळं बदलता येतं, फक्त बाजू सोडून.
पावणेदोन वाजले तेव्हा एक ओळ सापडली.
पट्टी नाही, पण तिच्यावरची चित्रं तरी
मधून उचलून डावीकडे नेता येतात.
नेली. 'मदुवे' वेगळं काढून पहिल्या जागी पिन केलं.

तो आला. वाकून बघितलं.
"इष्टे?"
"एवढंच होतंय," मी म्हटलं.

पायरीवर चपला घालत होते.
आत त्यानं पहिला शब्द टाइप केला,
आणि लगेच बॅकस्पेस,
टक टक टक टक,
मधे जरा थांबून
आणखी एक.