हातचा

लुसाकात उतरलो तेव्हा देशाची किंमत ठरल्यातच जमा होती,
फक्त सही माझी व्हायची होती.
सत्तेचाळीस रकाने. सत्तेचं स्थैर्य, तांब्याचा भाव,
धरणातलं पाणी, निवडणुकीला उरलेले महिने,
परकीय गंगाजळी
(जिथे गंगा नाही तिथेही तिला हेच म्हणायचं).
प्रत्येकाला दहापैकी गुण, आणि शेवटी एक अक्षर,
फार तर शेजारी वजाचं चिन्ह.

मंत्रालयात पंखे थांबलेले. उपसचिव कपाळ पुसत म्हणाले,
वीज आठ आठ तास नसते, पण हे लिहू नका.
मी लिहिलं.

परतताना चिलेंजेच्या वळणावर मुसोंडानं गाडी बाजूला घेतली.
भूक लागली असेल, बानामापालोकडे खाऊ.
बानामापालो, म्हणजे मापालोची आई.
हे मला समजावून द्यावं लागलं नाही.
लेकराच्या नावानं बाईला हाक मारणाऱ्या मुलखातूनच
मी आलो होतो.

पत्र्याची टपरी, तिला तिथे कांटेम्बा म्हणतात.
कढईत विटुम्बुवा, आपल्या गुलगुल्यांची चुलत भावंडं.
फळीवर शाळेची वही, मलपृष्ठावर पाढे छापलेले,
आत उधारी.
नावापुढे आकडा, आकड्यापुढे एक चित्र.

हा मासा कशाला?
उशिरा देतो, पण येताना मूठभर कपेंटा आणतो.
कोंबडी?
बोलते फार. देते.
चमचा?
याला उपाशी पाठवायचं नाही. देईल की नाही, तो वेगळा हिशेब.
आणि हे नुसतंच वर्तुळ?
तिनं झारा फिरवला, तेल निथळू दिलं.
तो गेला जूनमध्ये. बायको फेडते, दर शनिवारी, दोन क्वाचा.
मी म्हटलं नको. ऐकत नाही.

आमच्याकडेही एक रकाना आहे, फेडण्याची इच्छा.
तो आम्ही अर्थमंत्र्यांच्या भाषणावरून भरतो.

बेरीज करताना तिनं हातचा वर लिहिला, बारीक,
आमच्या मराठी शाळेत लिहायचो तसाच.
माझ्या कोष्टकात हातचा दिसत नाही.
यंत्र तो मनात धरतं म्हणे.

सहा विटुम्बुवा, दोन चहा.
माझं कार्ड चालेना, लाइन नव्हती.
शंभर डॉलरची नोट काढली तर ती इतकी हसली
की पाठीवरचं बाळ जागं झालं.
मुसोंडा खिसे चाचपत होता, त्याला म्हणाली,
तू गप, तुझं पान भरलंय.
मग वही माझ्याकडे वळवली, नाव विचारलं.
चिंतामणी, म्हणालो.
तिनं निम्मंच लिहिलं.

उद्या येतो, असं मी म्हणालो.
विमान पहाटेचं होतं, आणि ते मला माहीत होतं.

डब्लिनला समितीनं अकरा मिनिटं घेतली.
कॉफी यायच्या आत एक अख्खा देश एक पायरी उतरला.
कुणी वाईट नव्हतं त्या खोलीत.
एकीनं धरणाच्या पाण्याबद्दल नीट, काळजीनं विचारलंसुद्धा.
मी आकडा सांगितला, दशांश चिन्हासकट.

मार्चमध्ये मुसोंडाचा निरोप.
डिझेल परवडत नाही, गाडी आठवड्यातून चारच दिवस.
तेल महागलंय. बानामापालोनं भाव वाढवला नाही,
विटुम्बुवा लहान केलेत.
पोरांना कळतं, मोठी माणसं न कळल्यासारखं करतात.
वही चालू आहे. ती शनिवारची बाई अजून येते.

मी घाईघाईनं लिहिलं,
माझे राहिलेत, पाठवतो, तिचा नंबर दे.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.
विचारलं तिला. नको म्हणते.
म्हणते, तो उद्या येतो म्हणालाय.

माझ्या नावापुढे कसलं चित्र आहे,
ते विचारायचं राहूनच गेलं.