पाखडण

आधी फ्रिज बंद केला.
गाडीची किल्ली आत ठेवली, हेरिंगच्या बरणीला टेकवून,
म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण राहील.
ही युक्ती मी एका घरचे मासे नासवून शिकलो.

वोर्म्सी बेट, फेब्रुवारी.
लैदा ब्याऐंशीच्या. मांडीवर ताल्हार्पा,
चार तारा, चारही घोड्याच्या शेपटीच्या.
"दहा सेकंद काही वाजवू नका," मी म्हणालो,
"मला नुसती शांतता हवीय."
"ती इथं कुठली?"

खरंच नव्हती.
चुलीत ओलसर बर्च चुरचुरत होतं,
दिव्याच्या वायरीत बारीक भुणभुण,
लांबवर बर्फ फोडत येणारी फेरी,
आणि त्यांचा श्वास,
एका नाकपुडीतून किंचित शिट्टी घालणारा.
तीच दहा सेकंदं मी यंत्राला नमुना म्हणून दिली:
असं दिसेल ते सगळं वजा कर.

मग चार दिवस एकेक सूर.
हळू, मध्यम, जोरात, पुन्हा हळू.

तालिनला परतल्यावर जरा जास्तच पाखडलं.
बारा डेसिबल. अठरा. चोवीस.
सूर पाण्याखालून बोलू लागले,
गज उचलल्यावर मागे रेंगाळते ती शेपटी गेली,
केसाची खरखरही गेली,
बिचारी गोंगाटासारखी दिसत होती.
मागे आलो. सहावर थांबलो.

मार्चमध्ये लैदांना ऐकवले ते सूर.
पाहुण्यांच्या पोराचं कौतुक करावं
तशी मान हलवली.
"छान आहे. कुणाचं वाद्य?"

प्रोग्रॅममध्ये एक बटण असतं:
जे काढलं, तेवढंच ऐका.
ते दाबलं.
त्यांनी कप खाली ठेवला.
"ही चूल.
ही चारची फेरी, उशिरा आलेली.
आणि हे कोण शिट्टी मारतंय?"
"तुम्ही."
"फ्रिज नाही का यात?"
"तो बंद होता."
"अरेरे."

मग म्हणाल्या, आई ओट पाखडायची,
कोंडा टाकायची नाही, उशीत भरायची.
रात्रभर कानाशी खसखसायचा.
"तुझे दाणे तू विक. हे मला ठेव."

निघताना किल्ली सापडेना.
खिसे, कोट, खिडकी.
आज काही रेकॉर्ड करायचं नव्हतं,
तरी हातानं सवयीनं ती फ्रिजमध्येच ठेवलेली.
दार उघडलं. आत दिवा लागला.
फेरी सुटायला वीस मिनिटं होती
आणि तो आपला गुणगुणत होता,
थोडासा बेसूर.