शिसं

वेशीत बसून गुंडाळी वाचणारा म्हातारा
सांगतो, खरा शब्द चांदीसारखा असतो,
इतक्या वेळा भट्टीतून काढलेला
की त्यात दुसरं काही उरत नाही.
मी भाता दाबत ऐकते.
किती वेळा, ते त्याला पाठ आहे.
आमच्याकडे असं मोजून होत नाही.
कधी तिसऱ्या खेपेला निवळते,
कधी कोंबडा आरवला तरी तवंग सुटत नाही.

आमच्या गल्लीत चांदी येते ती तुकड्यांनी.
कुणाचं मोडलेलं कडं, कुणाच्या सुनेची नथ,
तांबं मिसळून उजळवलेली लगड.
तिच्यावर शिसं टाकायचं, दुप्पट, तिप्पट.
खाली वाटी,
सणात कापलेल्या मेंढरांच्या हाडांची राख थापून केलेली.
मग आग.
शिसं चांदीतला सगळा मळ पोटात घालतं
आणि राखेत मुरून जातं.
मागे कोण उरतं ते तुम्हाला माहीतच आहे.
ओळी त्याच्यावर रचतात.

हिम्लिक, सीदोनचा, जहाजातून लगडी आणणारा,
एकदा उंबऱ्यावर बसून अंजीर खात होता.
वेशीतून म्हाताऱ्याचा आवाज आला,
जिथे कुणाचा पाय पडला नाही
तिथून माणूस चांदी काढतो.
हिम्लिकनं देठ थुंकला.
पाय होते, म्हणाला. लहान होते.
त्या भोकांत मोठा माणूस मावत नाही.
आठ वर्षांचा होतो. कंबरेला दोर.
दोर हलला तर वर ओढायचे,
नाही हलला तर तेल वाचलं म्हणायचे.
मग विचारलं,
तुमच्यात बैलानं गुलाम मारला
तर धन्याला चांदीचे तीस मिळतात ना?
दगडानं मारला तर?
मी त्याला पाणी दिलं.
दुसरं काय होतं देण्यासारखं.

पेदायाच्या हिरड्यांवर निळी रेघ आली होती.
पोट धरून रात्र रात्र बसायचा.
मनगट लुळं पडलं तेव्हा चिमटा माझ्या हाती आला.
लोक म्हणतात, गाळणाऱ्याला
आपला चेहरा चांदीत दिसला की काम झालं.
वाकून बघा एकदा. भुवया जळतील.
दिसतं ते छताचं भोक, तेही काजळलेलं.
पण एक खरं.
शेवटचा तवंग फाटताना
पारव्याच्या मानेवरचे रंग तिच्यावरून धावतात,
आणि लख्ख!
पापणी लवायच्या आत.
मग साधी होते. पांढरी, गप्प.
तो कोपऱ्यातून विचारायचा, झालं?
झालं.

तो गेला तेव्हा शेजारणीतली एक म्हणाली, सुटला, निवळला.
मी काही बोलले नाही.
फरशीच्या फटींतले कण वेचून
बोटाच्या पेराएवढा पत्रा ठोकला,
कांद्याच्या पापुद्र्यासारखा.
अमऱ्या लेखनिकानं सुईनं त्यावर आशीर्वाद ओरखडला.
काय लिहिलं मला वाचता येत नाही.
एवढं कळतं की निव्वळ चांदी मऊ असते,
म्हणून तर ओरखडा घेते.
गुंडाळला, दोऱ्यात ओवला, गळ्यात बांधला.
दरीच्या अंगाला, खडकात, त्याच्या बापाशेजारी ठेवला.

घरी आले. भट्टीत जुनी वाटी तशीच होती.
उचलली तर जड. राखेची असून जड.
तिच्यात शिसं होतं, मेंढरं होती,
कुणीतरी फसवायला मिसळलेलं तांबं होतं,
वाटलं, त्याच्या पोटदुखीच्या रात्रीही असतील.
एरवी ती उकिरड्यावर जाते.
मी फोडली आणि एक तुकडा घेऊन
त्या गुंडाळीशेजारी ठेवायला परत गेले.
तोवर त्यांनी दगड लावला होता.

तो तुकडा माझ्या कंबरेच्या गाठीत आहे.
भाता दाबायला वाकले की टोचतो.
वेशीत म्हातारा वाचतो आहे,
त्याचा आवाज आज चांगला लागलाय.